नवसाची बाळी

ठाकरवाडीच्या सावळ्याने ती गोष्ट सहज सांगितली आणि मासळीचा अभ्यास करणाऱ्या रेगेसाहेबांच्या हातातला चहा जमिनीवर सांडला.

"ओठात कडी असलेलं मासं? लय आलं की जाळ्यात. समदं सोडलं."

"सोडले?"

"नवसाचं असत्यात, सायेब. ज्यानं सोडलं त्याच्या घरचा जीव त्यात गुतलेला असतो. त्याला कोन हात लावनार?"

मालवणच्या खाडीवर रेग्यांनी एक रीत चालवली होती. माशाच्या ओठात पितळी कडी अडकवायची आणि कोळ्यांनी तो परत आणून दिला की माशांची वाट ताडायची. खाडीकाठची झाडे तुटली तशी मासळी कशी हटली, हे त्यांनी कोळ्यांच्याच साथीने सिद्ध केले होते. तीच रीत त्यांनी मावळात आणली. खाली संगमावर ते कड्या अडकवीत. वर डोहात ठाकरवाडी जाळे टाकी. दोहोंच्या मध्ये बंधाऱ्याची भिंत चढत होती. मासे खालून वर येतात असे दिसले, तर भिंतीत त्यांना वाट ठेवू, हे अभियंत्यांनी कबूल केले होते. न दिसले, तर भिंत सलग. आणि डोह ओस पडल्यावर वाडीने खायचे काय, हे कोणत्याच नकाशावर नव्हते. निर्णयाची बैठक आज दुपारी वडगावला होती.

इतक्या दिवसांत एकही कडी परत आली नव्हती. कशी येणार? साहेबांची कडीही वाडीला नवसाचीच वाटली होती. वाडीने आपला पुरावा आपल्याच हातांनी, वर नमस्कार करून, पाण्यात सोडला होता.

"एक तरी धर, सावळा," साहेब म्हणाले. तो हुकूम नव्हता, याचना होती.

सावळा डोहावर धावला. जाळे रिते येई, तो पुन्हा फेकी. काठावर जमलेल्या माणसांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. ऊन डोक्यावर आले तेव्हा हातभर लांबीचा एक मासा जाळ्यात तडफडला. ओठात कडी होती. पण पितळेची नव्हे, रुप्याची.

सावळ्याने ती ओळखली. त्याची लेक चिंगी तापाने फणफणली होती, तेव्हा तिच्याच कानातली बाळी त्याच्या बायकोने, सावित्राबाईने, माशाच्या ओठात घातली होती.

"कुठे सोडला होता?" सावळ्याने ते सांगताच डोहावर आलेल्या रेग्यांनी विचारले.

"संगमावर. देवीम्होरं."

"म्हणजे भिंतीखाली! अरे, चढला की तो!"

सावित्राबाई पाण्यात उतरली. "सोड त्याला. माज्या लेकीचा जीव हाय त्यो."

"सोडतो," सावळा म्हणाला. "मंग लेकीला खायला काय घालशील? भिंत?"

ती पाण्यातून बाहेर आली. मग घरी गेली आणि हंडा नि चिंगीला घेऊन आली.

वडगावच्या एस.टी.त कंडक्टर माशाच्या हंड्यात डोकावला. "मावशी, ह्याचं अर्धं तिकीट का पूर्न?"

"डायवरला म्हनावं, सावकास हाक," ती म्हणाली. कंडक्टरचे हसू विरले.

वडगावच्या कचेरीत पोहोचेतो मासा पाण्यावर तोंड काढून वारा गिळू लागला होता.

"बाळी आहे, मान्य," अभियंता म्हणाला. "पण ती संगमावरच घातली, याला आधार काय?"

सावित्राबाईने चिंगीला पुढे ओढले आणि तिच्या कानावरचे केस मागे सारले. एका कानाला बाळी होती. दुसऱ्याचे भोक रिकामे होते.

"ही तिची जोड. ईचारा संगमावरच्या गुरवाला. त्याच्याम्होरं घातली."

अभियंत्याने वाकून दोन्ही बाळ्या निरखल्या. नंतर तो सावकाश सरळ झाला. "मी तुम्हांला खोटे म्हणत नाही, बाई. पण रेगे, एका माशावर भिंत फोडता येत नाही. बाकीचे कुठे आहेत?"

रेगे तावातावाने बोलू लागले. सावळ्याच्या कानात त्यातले काहीच शिरेना. त्याने हंड्यात पाहिले. मासा कुशीवर कलला होता, आणि पाणी स्वस्थ होते.

सावित्राबाईनेही ते पाहिले. तिने चिंगीला पदराखाली ओढून घेतले आणि तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग पुन्हा लावला.