जागृतीच्या कपाळाचा बाल्झो

पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या बायका डोक्यावर काय घालत होत्या, हे कळण्याची कळंब गावात कुणालाच निकड नव्हती. खरं तर ऋतिकालाही नव्हती. तिला निकड होती जागृतीच्या कपाळाची.

जागृती तिची शाळेपासूनची मैत्रीण. कपाळ एवढं ऐसपैस, की वर्गातली पोरं म्हणायची, क्रिकेटचे सामने इथंच भरवू. त्यावर सगळ्यात जास्त जागृतीच हसायची. मग तिचं लग्न झालं, ती मोहोपाड्याला कंपनीच्या कॉलनीत गेली आणि फोन उचलेनाशी झाली. इकडे ऋतिका एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय शोधत प्रबोधनकाळातली चित्रं चाळत बसली, तर त्यातली एकेक बाई म्हणजे जागृतीच. त्या काळी मोठं कपाळ हेच सौंदर्य. ज्यांना नव्हतं त्या पुढचे केस उपटून ते करून घ्यायच्या. ऋतिकानं त्याच दिवशी विषय पक्का केला: प्रबोधनकाळातील स्त्रियांची शिरोभूषणं.

वाचून वाचून डोळे शिणल्यावर तिनं एक बाल्झो बनवला. बाल्झो म्हणजे डोक्यावर जरा मागे सारून बसवायचं गुबगुबीत कडं, रेशमानं मढवलेलं, चांगलं भोपळ्याएवढं. आत तिनं भाताचा पेंढा भरला, वरून आईच्या जुन्या शालूचे काठ लावले. आई म्हणाली, चुंबळ झक्क झालीय, आता हंडा तेवढा आण.

प्रबंधाला फोटो हवा, फोटोला कपाळ हवं. म्हणून जागृतीला चार दिवस कळंबला आणायचं, असा बेत. फोटोला चार दिवस लागत नाहीत, हे ऋतिकालाही ठाऊक होतं.

मोहोपाड्याला दार जागृतीनंच उघडलं. अंगात गाऊन, डोक्यावर ओढणी आणि भुवयांपर्यंत कापलेले पुढचे केस. कपाळ गायब. एवढ्या लांब संग्रहालय बघायला यावं आणि दारावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी असावी, तसं ऋतिकाला झालं.

फोन का उचलत नाहीस, हे विचारायचं ती ठरवून आली होती, बोलली बाल्झोबद्दल. जागृतीनं केसांना क्लिपा लावल्या, ओढणी काढली, बाल्झो चढवला. कपाळ पुन्हा उजाडलं. ऋतिकाचा मोबाइल हातातल्या हातात राहिला.

तेवढ्यात सासरे, हिरूमामा, कंपनीतून जेवायला आले. सुनेनं त्यांच्यासमोर डोकं झाकायचं, हा त्या घरचा रिवाज. जागृतीनं धावत ओढणी घेतली, पण ती बाल्झोवर ठरेना. टाकली की घसरे. शेवटी सगळ्यांनी सासूकडे पाहिलं. धोंडूबाईंनी हातातली भाकरी परतली, बाल्झो नीट न्याहाळला आणि निकाल दिला.

"डोकं झाकलंय ना? मंग झालं. वाढ त्यांना."

जागृती बाल्झो घालून वाढू लागली. हिरूमामांनी डोक्याला लागलंय काय, एवढंच विचारलं आणि आमटी ओरपली. खिडकीतून हे पाहणारी शेजारीण मात्र नारळपाणी घेऊन आलीच.

सगळं आवरल्यावर ऋतिकानं विचारलं, "येतेस का कळंबला? चार दिवस."

"नाय गं जमायचं." जागृती भांडी लावत होती. "तुझा फोन वाजला ना, की मला घरी यावंसं वाटतं. मंग दिवसभर कशातच मन लागत नाय. म्हणून उचलत नाय."

ऋतिकानं एक ताट पुसून तिच्या हातात दिलं. ते लावून जागृती म्हणाली, "हे डोक्यावरचं ठेवून जाशील? ओढणी सारखी सावरावी लागते. ह्याला हातच लावायला लागत नाय बघ. फोटो काढून घे नि जा ठेवून."

फोटो निघाला की काम संपलं, आणि काम संपलं की पुन्हा यायला निमित्त उरत नाही. ऋतिका म्हणाली, आज उजेड बरा नाही. बाहेर रणरणतं ऊन होतं.

प्रबंधाच्या गाईडबाईंना सांगायचं, नमुना वापरात आहे, असं ठरवून ती रिकाम्या पिशवीनिशी रिक्षात बसली. वर गॅलरीत जागृती दोन्ही हातांनी कपडे वाळत घालत होती, डोक्यावर बाल्झो. हाक मारली असती तर तिनं हात हलवला असता. आणि हात हलवून झाला की माणूस आत जातं. म्हणून रिक्षा वळेपर्यंत ऋतिका नुसती बघत राहिली.