दानबीचं आख्यान

कीर्तनाची गोडी लागलेला कान कुठंही गेला तरी कीर्तनच ऐकतो. माझं तसंच झालं आहे.

कामठ्याला आमच्या अंगणात दुपारी शेजारच्या बाया बिड्या वळायला जमतात. मधोमध सुपाला टेकवून माझ्या सुनेचा, रेणूचा, मोबाइल ठेवलेला असतो. त्यात कोरियाची मालिका चालते, हिंदीत बोलणारी. पण कात्रीने तेंदूपान कापताना नजर हलली की बोट कापलं जातं. म्हणून बाया म्हणतात, "सुशीलाबाई, तू पाह्य आन् आमाले सांग." मग मी सांगते. सांगते म्हणजे काय, आख्यानच लावते. "तर ऐका बायांनो, समुद्राच्या काठी एक गाव होता..." असं सुरू केलं की समोरच्या घरची पार्वताबाई मान डोलावत "हो माय, होता" म्हणून झील धरते.

मालिकेतल्या पोरीचं नाव दानबी. बाप गेल्यावर त्याचा नावा दुरुस्त करायचा कारखाना ती चालवते. केस वर बांधलेले, गालाला ग्रीस, हातात वेल्डिंगचं यंत्र. एका मोठ्या कंपनीच्या चेअरमनला तिची जागा हवी असते. त्यासाठी तो आपल्या पोराला पाठवतो. पोरगा असा चिकणा की पार्वताबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "माय वो, याच्या गालावरून तं माशीबी घसरून पडन!"

सुरुवातीला हा पोरगा दानबीचं मनगट धरून तिला ओढत नेतो. रेणूने तिथंच मोबाइल थांबवला.

"आई, हे मले पटत नाही. हिरो झाला म्हून काय झाला? इचारल्याबिगर हात कायले धरते?"

पुढच्या भागात दानबीने हात सोडवून घेतला आणि त्याला सांगितलं, कुठं यायचं ते तोंडाने सांग, पाय मला आहेत. बायांनी पानं खाली टाकून टाळ्या वाजवल्या.

मग मात्र तो पोरगा बदलत गेला. ती वेल्डिंग करायची तेव्हा बॅटरी धरून उभा राहायचा. तिचा डबा आणायचा, तिचे चिखलाचे बूट धुऊन उन्हात ठेवायचा. लग्नाचंसुद्धा तिनेच विचारलं आणि हा लाजला. बाया खिदळल्या. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. कारण आमच्या कीर्तनात देव भक्तिणीच्या जात्यापाशी बसतो, बाह्या सारून दळू लागतो, हाताला फोड आले तरी उठत नाही. तेव्हा त्याचं देवपण कमी होतं का? उलट तिथंच तो खरा देव दिसतो. ज्याला माया आहे तो हातातलं काम वाटून घेतो. समुद्रापलीकडच्या त्या लोकांना ही गोष्ट कुणी सांगितली असेल, पांडुरंगच जाणे.

हा जात्याचा प्रसंग रेणूचे वडील फार रंगवत. आमगावकडचे कीर्तनकार होते ते. रेणू लहानपणापासून त्यांच्यामागे टाळ घेऊन उभी राहायची, मोठी झाल्यावर एकदोनदा कीर्तनाच्या गादीवरही उभी राहिली. ते गेले तेव्हा त्यांच्या चिपळ्या तिच्याकडे आल्या. लग्नानंतर त्या आमच्या देव्हाऱ्यात बसल्या. रोज हळदकुंकू, पण आवाज नाही.

एकदा मालिकेत मोठा प्रसंग आला. वादळात चेअरमनचं जहाज बंद पडतं. सगळे इंजिनिअर हात टेकतात आणि दानबी पावसात भिजत ते दुरुस्त करते. कोरियात माणसं एकमेकांना कमरेतून वाकून नमस्कार करतात, आणि कोण किती वाकलं यावरून कोण थोर ते कळतं. तर तो म्हातारा चेअरमन, दानबीचा होणारा सासरा, सगळ्या कामगारांसमोर तिच्यापुढे वाकला. चांगला खाली वाकला.

"अवो, उठव ना त्याले!" मी मोबाइललाच म्हणाले. "बापाच्या वयाचा मानूस!"

दानबीने उठवलं नाही. त्याचं वाकणं पुरं होईपर्यंत ती उभी राहिली. मग स्वतः वाकली, तो जितका वाकला होता तितकीच.

"पोरगी लाख गुनाची हाये," मी म्हटलं, "पन एवढा ताठा बरा नाही."

"ताठा नाही, आई," रेणू पान गुंडाळता गुंडाळता म्हणाली. "जन्मात कधी वाकला नाही तो मानूस आज वाकला. मधातच उठवला असता तं त्याचा नमस्कार फुकट गेला असता."

मला काही ते पटलं नाही. ओसरीत खाटेवर आमचे हे, यादोराव, तोंडावर दुपट्टा घेऊन झोपले होते. त्यांना या मालिकांचा तिटकारा. "कोरियाच्या बाया पाहून पाहून इथल्या बायांची डोस्की फिरून राहिली," असं ते गावभर सांगायचे.

हनुमान मंदिरातल्या सप्ताहात दुपारच्या एका कीर्तनाला भंडाऱ्याचे बुवा यायचे होते. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. अंगात ताप आणि घसा पार बसलेला. मंडळाचे सचिव उदारामभाऊ धापा टाकत आमच्याकडे आले, कारण मंडळाचे अध्यक्ष आमचे हेच.

"आता उद्यापावेतो कोन भेटन?" उदारामभाऊ म्हणाले. मग स्वयंपाकघराकडे पाहून म्हणाले, "यादोराव, तुमच्या घरातच कीर्तनकार बसली हाये. रेणूले उभी करा."

हे म्हणाले, "ते गाते चांगली. गाण्याले माही ना नाही. पन मधात हार कोन घालते?"

"अध्यक्ष."

"पायावर डोका कोन ठेवते?"

आमच्याकडची रीतच तशी आहे. कीर्तनाचा पूर्वरंग, म्हणजे निरूपण, संपला की नामाचा गजर चालतो. त्या गजरात अध्यक्ष पुढे होऊन कीर्तनकाराला बुक्का लावतो, हार घालतो, पाया पडतो. मगच उत्तररंग, म्हणजे आख्यान. हार पडल्याशिवाय आख्यान नाही.

"गादी नारदाची हाये," उदारामभाऊ हळूच म्हणाले. "पाय कोनाचे ते कायले पाहाचं?"

"तुह्या सुनेचे असते तं तू पाह्यले असते! साऱ्या गावात बोंब होईन, यादोराव सुनेच्या पाया पडला म्हून."

मी म्हटलं, "मंग हार मी घालते. नाहीतं उदारामभाऊ घालतीन."

तेवढ्यात रेणू दारात आली. डोक्यावर पदर, नजर खाली. आवाज मात्र स्वच्छ.

"मामाजी, कीर्तन करीन तं पुरा करीन. हार अध्यक्षाचा असते, तो दुसऱ्याच्या हातानं मले नको. नाही आला तं मी पूर्वरंगावरच आरती घेईन आन् खाली उतरन. तुमच्यावर राग नाही. पन मंग बाबाच्या चिपळ्या देव्हाऱ्यातच राहू द्या. पुन्हा काढाच्या नाही."

सासऱ्यासमोर इतकं बोललेली तिला मी कधी पाहिली नव्हती. हे उठून चपला शोधू लागले.

"पाहू," एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले.

संध्याकाळी माझा मुलगा अतुल गोंदियाहून आला. तिथं तो ऑटो चालवतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी मागं टाळ घेऊन उभा राहातो."

पार्वताबाई आमच्याकडे विरजण मागायला आली होती. "काऊन रे, बायकोच्या मागं उभा राहाशीन?"

"काकू, रोज सवाऱ्या माह्या मागं बसते. एक दिवस मी मागं."

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. अर्धं गाव कीर्तनाला आलं होतं आणि अर्धं हार पाहायला. रेणू गादीवर उभी राहिली. तबल्यावर उमेंद्र, मागे टाळकऱ्यांत अतुल. निरूपणाला तिने जात्याचाच प्रसंग घेतला. पहिल्यांदा चिपळ्या वाजल्या तेव्हा आवाज जरा कोरडा आला, इतके दिवस मुक्या होत्या बिचाऱ्या. मग सुटल्या. ती दळणाचं वर्णन करू लागली तर पुढे बसलेल्या म्हाताऱ्या नकळत हात फिरवू लागल्या, जणू खुंटा हातातच आहे. "देव दळते म्हून त्याले बाईलबुद्ध्या म्हनसान काय?" तिने विचारलं, आणि पुरुषांच्या बाजूला हसू फुटलं. डोक्यावरचा पदर मागे सरकला होता. तिने तो वर ओढला नाही. हात देवाच्या कामात होते.

पूर्वरंग संपला. रेणूने गजर सुरू केला. थाळीत हार होता, बुक्क्याची वाटी होती. हे पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेले, नजर जमिनीवर.

गजर चालला. एक आवर्तन, दुसरं, मग मी मोजायचं सोडलं. उमेंद्र तबला वाजवता वाजवता इकडेतिकडे बघू लागला. लोक आधी देवाकडे बघत होते, मग थाळीकडे, मग यांच्याकडे. अतुलचा टाळ मात्र हलला नाही. रेणूचे डोळे मिटलेले. ती घाई करत नव्हती आणि थांबतही नव्हती.

पार्वताबाईने मला कोपर मारलं. "ऊठ वो, तूच घाल. पोरीचा तमाशा होऊन राहिला."

मी हात टेकून अर्धी उठलेही. माझीच सून, माझंच लेकरू, मी तिच्या पाया पडायला कशाला लाजू? पण उठता उठता एकदम दानबी आठवली, ताठ उभी राहिलेली. त्या दिवशी न पटलेली गोष्ट तिथं मंडपात मला पटली. मी उठले असते तर यांचा नमस्कार मीच खाल्ला असता. मी खाली बसले. पदर तोंडाला लावला आणि मनात म्हटलं, देवा, जात्याशी बसायला तुला लाज वाटली नाही. या माणसाची लाज तेवढी काढून घे.

रेणूने गजराची लय हळूहळू उतरवायला घेतली. आता आरती, हे मला कळलं. चिपळ्या अतुलकडे देण्यासाठी तिने हात मागे केला.

आणि हे उठले.

डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवली. थाळीजवळ गेले. बुक्का लावताना थोडा तिच्या भुवईवर सांडला. हार घातला. मग गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले आणि कपाळ तिच्या पायांवर टेकवलं.

मंडपात टाळाशिवाय आवाज नव्हता. रेणूने पाय मागे घेतले नाहीत. "अहो मामाजी, असू द्या" म्हणाली नाही. चिपळ्या छातीशी धरून उभी राहिली. ते उठून सरळ झाले, तेव्हा ती गादीवरून एक पाऊल खाली आली आणि त्यांच्या पायांवर तसंच कपाळ टेकवलं. तितकाच वेळ. मग परत गादीवर चढली, आणि उमेंद्रने अशी थाप मारली की मंडपाच्या दोरीवरचे कावळे उडाले.

उत्तररंगाला तिने दानबीचं आख्यान लावलं. कामठ्यात समुद्र कुणी पाहिलेला नाही, म्हणून म्हणाली, "आपला नवेगावचा तलाव डोळ्यांपुढे आना, आन् त्याले पल्याडचा काठच नाही असा समजा." झालं, सगळे समुद्रावर गेले. वेल्डिंगच्या ठिणग्या, वादळ, बॅटरी धरून भिजणारा तो पोरगा. तो बूट धुतो तिथं तिने पुन्हा जात्याचं पद घेतलं, आणि कुठं देव संपला आणि कुठं कोरिया सुरू झाला कळलंच नाही. माझ्या बिडीवाल्या बायांना कथा पाठ होती, तरी त्याच सगळ्यांत जास्त रडल्या. मी अंगणात सांगते ती आणि ही, बापरे, केवढं अंतर! मी पणती लावत होते, तिने दीपमाळ पेटवली.

चेअरमन वाकतो तो प्रसंग मात्र तिने सांगितला नाही. जहाज सुरू झालं, लग्न झालं, पुंडलिक वरदा. तो प्रसंग गावाने नुकताच पाहिला होता.

आरतीनंतर आम्ही दोघं घराकडे निघालो. हे पुढे, मी मागे. कपाळावर बुक्का होता, टोपी अजून खिशातच. वडाच्या पाराजवळ ते थांबले.

"तिनं मले उठवला नाही," ते म्हणाले.

मी घाबरले. "राग आला काय?"

"राग कायचा? मधातच उठवला असता तं फुकट गेला असता."

मी जागच्या जागी उभी. "तुम्ही तं त्या दिवशी झोपले होते ना? दुपट्टा घेऊन?"

त्यांनी खिशातून टोपी काढली, झटकली, नीट डोक्यावर बसवली आणि चालू लागले.

"दुपट्टा तोंडावर होता," ते म्हणाले. "कानावर नाही."