रात्री न उतरणारा आकडा

मित्रांनो, दवाखान्यातल्या कपाटाच्या तळच्या कप्प्यात, मोडक्या वजनकाट्याशेजारी मी पडून आहे. मी रक्तदाब मोजणारा एक जुना मापक. पण दोन मिनिटांत आकडा सांगून मोकळा होणारा नव्हे. माझी पेटी कमरेला आणि पट्टा दंडाला बांधला, की मी चोवीस तास माणसाच्या सोबत राहत असे. दिवसा दर अर्ध्या तासाने पट्टा फुगवायचा, रात्री तासातासाने.

माणूस झोपला की त्याचा रक्तदाब थोडा उतरतो. हमालाने डोक्यावरचं ओझं घटकाभर खाली ठेवावं, तसा. ती उतरण टिपताना मला फार बरं वाटे. काहींची मात्र रात्र दिवसासारखीच जाई. समुद्रापलीकडून येऊन इथे वसलेल्या काळ्या वर्णाच्या माणसांत असे आलेख जास्त दिसतात, हे आमच्या डॉक्टरीणबाईंच्या ध्यानात आलं होतं.

त्यांतलीच एक होती इस्त्रीवाली. इस्पितळाच्या चादरींच्या घड्या घालून तिचे दंड घट्ट झाले होते. सकाळी डोकं जड होतं, एवढीच तिची तक्रार. दिवसभर तिचे आकडे ठीक होते. रात्री मी वाट पाहत राहिलो, पण आकडा काही उतरेना.

"त्यांच्या लोकांचं असंच असतं," आलेख पाहून तरुण डॉक्टर म्हणाले.

"असंच असतं म्हणून सोडून द्यायचं? उलट त्यांच्याकडे आधी बघायला हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून तिच्यापाशी बसल्या. "झोप कशी लागते तुम्हाला?"

"कुठली झोप, बाई! भिंतीपलीकडे छापखाना रात्रभर धडधडतो. आणि आई तिकडे एकटी. तिची संध्याकाळ होते तेव्हा इथे मध्यरात्र. आठ वर्षं झाली तिला पाहून. फोन वाजला आणि मला ऐकूच आला नाही तर?"

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि बिछाना आतल्या खोलीत हलवायला सांगितलं. तिच्या मोठ्या मुलीने फोन आपल्या उशाशी घेतला. "आजीचा फोन मी घेईन. आई, तू गुमान झोप."

दोन महिन्यांनी मी पुन्हा त्या दंडावर चढलो. त्या रात्री आकडा हळूहळू उतरू लागला. एकशे अठ्ठावीस, एकशे एकोणीस, एकशे दहा. माझ्या पट्ट्याच्या घरघरीनेही तिला जाग आली नाही.

सकाळी मुलगी म्हणाली, "मध्यरात्री आजीचा फोन आला होता. मी तुला उठवायला निघाले, तर म्हणाली, 'नको गं, निजू दे माझ्या लेकीला.'"

दवाखान्यात आलेख पाहून सगळे खूश झाले. इस्त्रीवालीने मात्र सगळ्यात खालच्या बिंदूवर बोट ठेवलं. "या वेळी आई बोलत होती," ती म्हणाली. मग डोळे पुसले आणि हसलीही.

पुढे मायलेकींची भेट झाली का, मला कधीच कळलं नाही. तळहातावर मावतील अशी नवी यंत्रं आली. माझा पट्टा फाटला, बॅटरी दम धरेना. मला दुरुस्त करायचं कुणाच्या मनात आलं नाही. तरी त्या घट्ट दंडाची आठवण मला अजून व्याकूळ करते.

मित्रांनो, माझं जाऊ द्या. पण तुमच्या घरात, शेजारात कुणी थकलेलं दिसलं, तर त्याचं मूळ गाव आणि वर्ण पाहून "त्यांचं असंच असतं" म्हणू नका. जवळ बसा आणि विचारा, "काल रात्री झोप लागली का?" आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.