अध्यक्ष दारात बसले

सामना संपल्याची शिट्टी वाजली आणि शिनोलीचं मैदान एकदम गप्प झालं. फक्त राजुरीची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. शेवटच्या मिनिटांत पंच वैजयंतीने शिनोलीविरुद्ध पेनल्टी दिली होती आणि राजुरीने त्यावर गोल करून अंतिम सामना जिंकला होता.

मग कोणीतरी ओरडलं, "धरा रे त्या बाईला!" आणि लोक दोरी ओलांडून आत घुसले.

सावळेराम नाना कडेला खुर्चीत बसले होते. ते शिनोलीच्या उदय क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. वय सत्तरीच्या पुढे गेलेलं, गुडघे दुखरे. पण त्या वेळी आपण कसे धावलो ते त्यांनाही कळलं नाही. गर्दीच्या आधी ते वैजयंतीपाशी पोचले, तिचं मनगट धरून तिला मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत नेलं.

"आतून कडी लाव पोरी," एवढंच म्हणाले आणि बाहेर येऊन दाराला पाठ लावून उंबऱ्यावर बसले.

समोर सगळं ओळखीचंच गाव होतं. यातल्या निम्म्या लोकांना चेंडूला पाय कसा लावायचा ते नानांनीच शिकवलं होतं. तरुणपणी ते खडकीला एका कँटीनमध्ये कामाला होते. तिथल्या संघातून खेळायला शिकले आणि गावी परतले ते फुटबॉल डोक्यात घेऊनच. पण डोंगराकडच्या गावात सपाट जागा कुठली? नानांनी रस्त्याकडची आपली भाताची खाचरं, मधले बांध फोडून, एक केली. बायको कोंडाबाई तेव्हा कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलली नव्हती. मंडळ निघालं तेव्हापासून अध्यक्ष नानाच. दुसरं कोणी उभं राहील असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

"नाना, बाजूला व्हा," सयाजी पुढे येत म्हणाला. तो मंडळाचा उपाध्यक्ष. जत्रेसारखी गर्दी जमवून हे सामने भरवण्यात त्याचाच पुढाकार होता. "आमी बाईला हात लावणार न्हाई. तिनं फक्त बाहेर यावं आन् मोबाइलसमोर सांगावं, माझं चुकलं. बास."

"न्हाई सांगितलं तर?"

"मंग पोरांना मी आवरू शकत न्हाई."

मागून एक दगड आला आणि पत्र्यावर धाडकन आदळला. आत वैजयंती किंचाळली. नाना उठले नाहीत. आपण उठलो की दार मोकळं, हे त्यांना कळत होतं.

वैजयंतीने आतून पोलिसांना फोन केला होता. घोडेगावहून गाडी निघालीही होती, पण सामन्याला आलेल्या वाहनांनी रस्ता पार तुंबला होता. ती दाराच्या फटीशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "नाना, मी म्हणते चुकलं म्हणून. काय व्हायचंय? मला घरी जाऊ द्या."

नानांनी मान न वळवता विचारलं, "तू दिलेली पेनल्टी बरोबर व्हती का?"

"बरोबर होती. चेंडूला हात लागला होता. मी जवळच होते."

"मंग तू काय बोलायचं न्हाई. आज तू खोटं बोललीस, तर उद्या हितं शिट्टीला कोन विचारंल?"

हात कोणाचा होता, हे नानांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या नातवाचा, ऋतिकचा. चेंडू डोक्यावरून जाताना त्याने कोपर वर उचललं होतं. गर्दीच्या मागे, गोलच्या खांबापाशी तो एकटाच उभा होता. अंगातली जर्सी घामाने चिकटलेली, मान खाली.

"ऋतिक!" नानांनी हाक मारली. "हिकडं ये."

लोकांनी वाट दिली. नातू आता बाईला उघडं पाडणार, असंच सगळ्यांना वाटलं. चार-पाच मोबाइल वर झाले.

"हात लागला का न्हाई?" नानांनी विचारलं.

ऋतिकने सयाजीकडे पाहिलं, मग आपल्या सोबत्यांकडे.

"नाना, पोराला कशाला मधी घेता?" सयाजी गुरकावला.

"त्याच्यापायीच चाललंय ना समदं? बोल ऋतिक."

"लागला," ऋतिक पुटपुटला.

"मोठ्यानं."

"लागला! चेंडू जात व्हता म्हनून मीच हात लावला. मॅडमची चूक न्हाई."

मग सयाजीने पुढे होऊन त्याच्या कानाखाली आवाज काढला. "आधी का न्हाई बोललास? गावाची लाज घालवलीस!" मागून दोघातिघांनी ऋतिकला ढकललं. तो गुडघ्यावर पडला. आता गर्दीचा सगळा राग त्याच्याकडे वळला होता.

नाना अर्धवट उठले. हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. नातवाला उचलायला जावं, तर दार सुटत होतं. तसेच, एक हात दारावर ठेवून ते ओरडले, "ऋतिक, माझ्यापाशी ये!"

ऋतिक रांगतच आला आणि आज्याच्या शेजारी, उंबऱ्याला टेकून बसला. त्याच्या ओठातून रक्त येत होतं. नानांनी खांद्यावरचा पंचा त्याच्या हातात दिला. सयाजी समोर उभा होता, मूठ वळलेली. पण आता मारायचं कोणाला? मागची माणसं एकेक करून मोबाइल खिशात घालू लागली. पोलीस आले तेव्हा मैदानात पंधरा-वीस जणच उरले होते.

दुसऱ्या दिवशी नानांनी सांगून टाकलं, "पंचावर आपलं गाव धावून गेलं. औंदा मंडळ कुठंच खेळनार न्हाई."

गाव खवळलं. सभा बोलावली गेली, हात वर झाले आणि इतक्या वर्षांचा अध्यक्ष पायउतार झाला. सयाजी नवा अध्यक्ष झाला. नाना खोलीची किल्ली टेबलावर ठेवून घरी आले. कोंडाबाईने विचारलं, "झालं?" ते "झालं" म्हणाले आणि जेवायला बसले.

मैदान मात्र अजून नानांच्याच नावावर होतं. पेरणीचे दिवस जवळ आले तसा सयाजीचा जीव खालीवर होऊ लागला. म्हाताऱ्याने मैदानात नांगर घातला तर? शेवटी तो नानांच्या अंगणात येऊन उभा राहिला. बराच वेळ चपला काढाव्यात की नाही हेच त्याला ठरवता येईना.

"नाना, औंदा खाचरात भात लावनार का?"

"कोनाच्या खाचरात?"

"तुमच्याच."

"सयाजी, मी अध्यक्ष व्हतो म्हनून मैदान दिलं न्हवतं. पोरं खेळू दे. बस, चहा घे."

सयाजी बसला, पण चहाचा कप हातात धरून रडायला लागला. नानांनी त्याला रडू दिलं.

भाद्रपदात नाना गेले. रात्री झोपले ते उठलेच नाहीत. वैजयंती दशक्रियेला आली, कोंडाबाईजवळ बसून राहिली. जाताना सयाजी तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेला. दिवाळीनंतर तो स्वतः तिच्या घरी गेला.

"मॅडम, यंदा सामने हाईत. पंच म्हनून तुमीच या."

"मला भीती वाटते," ती सरळ म्हणाली.

"मला पन वाटते," सयाजी म्हणाला. "म्हनून मीच कडंला उभा राहीन."

ती आली. अंतिम सामन्यात शिनोली आणि राजुरीच समोरासमोर आले. सयाजी पूर्ण वेळ दोरीपाशी उभा राहिला, एकदाही बसला नाही. शिनोली पुन्हा हरली. लोक कुरकुरले, कोणी शिवीही हासडली. पण वैजयंती मैदानाबाहेर येईपर्यंत दोरीच्या आत कोणाचा पाय पडला नाही. ऋतिकने तिला पाण्याची बाटली दिली आणि दोघं बोलत बोलत कोंडाबाईकडे जेवायला गेली.