गावची लेक

आमच्या गावाच्या ठरावाची अक्कल माझ्या नवऱ्याची आणि अक्षरही त्यांचंच. शरच्चंद्र मास्तर माणूस सुवाच्य. 'आमच्या गावच्या कोणत्याही लेकीला सासरी मारहाण झाल्यास समिती तिच्या सासरी जाऊन जाब विचारेल, आणि समितीची खात्री झाल्याशिवाय लेकीला परत नांदायला पाठवणार नाही.' सत्त्याण्णव साली कडेगावजवळच्या आमच्या गावानं हे एकमतानं मंजूर केलं. समितीत सरपंच नाथाजी, मास्तर, आणखी सात पुरुष आणि राखीव जागेवरून पंचायतीत निवडून आलेली मी, शकुंतला, मास्तरांची बायको.

ठराव कागदावर राहिला नाही, हे आधीच सांगते. नाहीतर वाटेल, ही बाई गावावर उगाच जळते. सरपंचांची पुतणी उत्कर्षा शिराळ्याकडं दिली होती. नवऱ्यानं कानाखाली मारून तिला एका कानानं ऐकू येईनासं केलं, तेव्हा दोन ट्रॅक्स जीपगाड्या भरून माणसं गेली. शिवी नाही, हाणामारी नाही. पंचवीसजण अंगणात नुसते मांडी घालून बसले. सासऱ्यानं चहा आणला, एकानंही कप उचलला नाही. त्यानंतर उत्कर्षाला कुणी बोट लावलं नाही. त्या दिवशी मलाही गावाचा अभिमान वाटला होता. जिल्ह्याच्या साहेबांनी ठरावाच्या प्रती काढून गावोगाव वाटल्या, सगळ्यांनी असंच करा म्हणून.

पंचमीला लेकी माहेरी आल्या की फेर धरायच्या आधी शाळेच्या खोलीत एकेकीला बसवून विचारायचं, हे माझं काम. त्या पंचमीला रांगेत हरणाबाईही येऊन बसली. ती आमच्या गावची सून, धुळाची बायको. माहेर जतच्या पलीकडची मेंढपाळांची वाडी. सणाला तिला न्यायला कुणी आलं नव्हतं. मनगट इतकं सुजलं होतं की बांगड्या रुतल्या होत्या. रांगेतल्या पोरी हसू दाबत होत्या.

मी काय बोलले ते जसंच्या तसं आठवतं. म्हणाले, "हरणाबाई, हे लेकींसाठी आहे. तू तुझ्या माहेरी कळव."

"मला लिवता येत न्हाई, मास्तरीणबाई," ती म्हणाली. "तुमीच धाडा की कारड."

मी पोस्टकार्ड टाकलं आणि मोठं काम केल्यासारखी फेर बघायला गेले. स्वतःची लाज मला तेव्हा वाटायला हवी होती. वाटली नाही.

वाडीत ते कार्ड वाचून दाखवणारं माणूस भेटेपर्यंत दिवाळी उलटली. मग तिचा बाप हरिबा आला, एकटाच. खांद्यावर घोंगडं, हातात काठी आणि खिशात चार घड्या घातलेला आमचाच ठराव. साहेबांनी वाटलेली प्रत त्याच्या वाडीलाही पोचली होती. पंचायतीत समिती बसली होती. त्यानं तो कागद नाथाजींपुढं ठेवला.

"आवं सरपंच, ह्यो तुमचाच कागद हाय. आमच्या वाडीनंबी त्येच्याव अंगठं दिल्यात. लेकीचा जाब इचाराय आलोय."

"मग समिती घिऊन यायची की, हरिबा," नाथाजी म्हणाले. "एकट्या बापाला कोण जुमानतंय? आमी गेलतो तवा पंचवीस माणसं हुती."

"माणसं मेंढरांमागं गेल्याती. आता आखाडाला माघारी येतील. माझं गुडघं गेलं म्हून मी ऱ्हायलो." तो थांबला आणि सगळ्यांकडं बघत म्हणाला, "पर तुमची माणसं हायती की हितं. धुळाचं दार चार पावलांव हाय."

नाथाजींनी कागदाची घडी घालून तो त्याच्याकडं परत सरकवला. तेव्हा मी बोलले, उशिरा का होईना. म्हटलं, ठरावात सुनांनाही घाला. आपण ज्यांना सांभाळतो त्या लेकी सगळ्या बाहेरगावी नांदतात. या गावात नांदते ती प्रत्येक बाई सून आहे. मीसुद्धा.

नाथाजी चिडले नाहीत. उलट समजावणीच्या सुरात म्हणाले, "वैनी, परमुलखात जाऊन बसणं सोपं हुतं. हितं कुणाकुणाच्या दारात बसायचं? आज धुळाच्या, उद्या माझ्या, परवा मास्तरांच्या?"

लग्नाच्या पहिल्या वर्षी मास्तरांनी मला दोनदा मारलं होतं. ते पेनाला टोपण लावत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "विषय पुढच्या बैठकीत घेऊ."

धुळाला बोलावून समज दिली. त्यानं मान डोलावली. हरिबानं लेकीला घेऊन जातो म्हटलं, तर धुळा म्हणाला, बायको खुशाल न्या, पोर मिळायची न्हाई. पोर म्हणजे राही, चार वर्षांची. हरणाबाई पोरीपायी राहिली.

संक्रांतीच्या आत ती विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. विषय पुढच्या बैठकीत आलाच नाही.

दहाव्याला हरिबा आला आणि जाताना कुणाला न विचारता राहीला खांद्यावर घेऊन निघाला. एसटीच्या फाट्याकडं जाताना मला दिसला. मी गप्प राहिले. या सगळ्यात माझ्या हातून झालेली तेवढी एकच बरी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी दोन ट्रॅक्स निघाल्या. "गावची लेक परक्यानं उचलून न्यावी आन आमी बघत बसावं?" नाथाजी म्हणाले. राही आमच्या गावात जन्मलेली, म्हणजे गावची लेकच. पंचवीसजण हरिबाच्या अंगणात मांडी घालून बसले. वाडीत म्हाताऱ्या बायांशिवाय कुणी नव्हतं. त्यानं चहा केला, एकानंही कप उचलला नाही. मग त्यानं पोर दिली.

संध्याकाळी राही नाथाजींच्या मांडीवर बसून परत आली. हातात बिस्किटांचा पुडा होता, तो तिनं फोडला नव्हता. अजिबात रडली नाही म्हणून लोक कौतुक करत होते. तिला धुळाच्या घरात सोडून सगळे जेवायला गेले.

मार्चमध्ये आदर्श ठरावाच्या बक्षिसासाठी अहवाल पाठवायचा होता. मास्तरांनी तो लिहिला. लेकींची तक्रार एक, तिचं निवारण झालं. याशिवाय एक अल्पवयीन लेक परगावाहून सुखरूप परत आणली. हरणाबाईचं नाव येण्याचं काही कारणच नव्हतं. खाली महिला सदस्याच्या सहीला जागा ठेवली होती.

मी तो कागद दोनदा वाचला. एक शब्द खोटा असता तर मी भांडले असते. मास्तरांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढं धरलं आणि मी सही केली. ठराव सासरच्या मारहाणीसाठी आहे. राहीला तिच्या बापानं कितीही मारलं, तरी तिचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावाला जाईपर्यंत समितीला काही करता येणार नाही, हे मला सही वाळायच्या आत कळलं होतं.