सेल्बीच्या खिशातली कॉइल

मित्रांनो, गाडी सुरू झाली की इंजिनाचा आवाज तुम्हाला ऐकू येतो. पण त्या इंजिनात दर क्षणाला ठिणगी कोण पाडते, हा विचार तुमच्या मनात कधी आला आहे का? ते काम करणारी एक जुनी कॉइल म्हणजे मी. सध्या माझा मुक्काम एका म्हाताऱ्या माणसाच्या कोटाच्या खिशात आहे. सोबतीला एक रुमाल आणि पेपरमिंटच्या गोळ्या. इंजिनातली हक्काची जागा सोडून मी इथे कशी आले, ते आज तुम्हाला सांगते.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. केसाहून बारीक अशी तांब्याची तार लोखंडी गाभ्याभोवती गुंडाळली, वरून राळ ओतली आणि काळ्या प्लास्टिकच्या कवचात मला बंद केले. बॅटरीकडून येणारी थोडीशी वीज घ्यायची, तिचा जोर कितीतरी पटींनी वाढवायचा आणि खालच्या स्पार्क प्लगच्या हवाली करायची, हे माझे काम. प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते, पेट्रोल आणि हवा पेटते, आणि चाके फिरतात. आम्ही चौघी बहिणी एका निळ्या गाडीच्या चार सिलिंडरांवर बसलो. तिसरा सिलिंडर माझा.

आमची गाडी टर्बोची होती. लोहाराचा भाता जसा भट्टीत हवा कोंबतो, तसा टर्बो इंजिनात हवा कोंबतो. त्यामुळे लहानशा इंजिनालाही चांगला दम येतो. लोक टर्बोचे कौतुक करीत. आमचे नाव कोणी घेत नसे. त्याचे आम्हाला वाईट वाटत नव्हते. अंधारात, उष्णतेत बसून आपले काम करावे, एवढेच आम्हाला ठाऊक होते.

आमचा मालक सेल्बी रायडाउट. न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्यावरच्या गॅनेट कोव्ह नावाच्या गावात तो आणि त्याची बायको म्यूरियल राहत. सेल्बीचे सारे आयुष्य किनाऱ्यावरच्या फेरीबोटीच्या इंजिनात गेले. निवृत्त झाल्यावर त्याने ही गाडी घेतली. धुके असो, बर्फ असो, तो ती मजेत चालवी. म्यूरियल शेजारी बसून म्हणे, “मी नवरा केला होता, वैमानिक नव्हे.” तो आणखी जोरात पिटाळी.

एकदा शहरात गेला असताना त्याने एका माणसाकडून गाडीचा दम वाढवून घेतला. गाडीच्या संगणकात काहीतरी फेरफार झाला आणि टर्बो पूर्वीपेक्षा जास्त हवा कोंबू लागला. म्यूरियलला त्याने यातले काहीच सांगितले नाही. आम्हालाही कोणी विचारले नाही. दाट हवेतून ठिणगी उडवणे फार कष्टाचे असते, मित्रांनो. तरी आम्ही रेटत राहिलो. रेटता रेटता माझ्या कवचाला एक बारीक तडा गेला.

पुढे सेल्बीच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार जडला. समोर पाहिले की मधोमध करडा डाग दिसे आणि नजरेच्या फक्त कडा शाबूत राहत. तो गावात हिंडू-फिरू शके, पण वाचणे संपले आणि गाडी चालवणेही संपले. उरलेली नजर टिकवायची तर दर महिन्याला शहरातल्या रुग्णालयात जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागणार होते. शहर तीन तासांवर. म्यूरियलने आजवर गाडी चालवली ती गावातल्या चर्चपर्यंत आणि दुकानापर्यंत. पण नाइलाज होता. ती चालकाच्या जागेवर बसली.

सुरुवातीच्या फेऱ्या तिने हळू चालवत पार पाडल्या. मग एका सकाळी तिला थोडा धीर आला. लांब चढावर ओंडक्यांनी भरलेला एक ट्रक रांगत चालला होता. त्याला मागे टाकायला तिने गाडी बाहेर काढली आणि ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. टर्बोने हवा कोंबली. मी सगळा जीव एकवटला, पण माझी ठिणगी फुंकर मारलेल्या काडीसारखी विझली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा विझली. गाडी गचके खाऊ लागली आणि तिचा दम गेला. समोरून एक गाडी येत होती. म्यूरियलने कशीबशी आपली गाडी ट्रकच्या मागे परत घेतली. समोरची गाडी हॉर्न वाजवत अगदी जवळून गेली.

उरलेला सगळा रस्ता म्यूरियलने गाडी अगदी हळू चालवली.

गावात परत आल्यावर म्यूरियलने शेजारच्या अँब्रोजला गाडी पाहायला सांगितले. अँब्रोजने ती गावात फिरवून आणली. सपाट रस्त्यावर, हळू चालवताना माझे काम नीट होई. त्यामुळे त्याला काहीच सापडले नाही. किल्ली परत देताना तो हसत म्हणाला, “गाडी ठणठणीत आहे. म्यूरियल, तुझेच हात थरथरतात, त्याला गाडी काय करणार?”

सेल्बी तिथेच उभा होता. तो काही बोलला नाही.

म्यूरियलने किल्ली खुंटीला अडकवली, ती अडकवलीच. यापुढे अँब्रोज त्याच्या ट्रकमधून नेईल, असे ठरले. पण नेमक्या वेळी अँब्रोज मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीला रानात निघून गेला. इंजेक्शनची तारीख चुकली. थोड्याच दिवसांत सेल्बीच्या नजरेतला डाग आणखी पसरला.

आमच्या शेडची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच होती, त्यामुळे आतले सगळे मला ऐकू येई. एका दुपारी म्यूरियलने तळलेल्या पिठाच्या चकत्या आणि त्यांवर काकवी असे पानात वाढले होते. सेल्बी चहा ओतत होता. चहा कपात न पडता टेबलावर सांडला. तो पुसायला म्यूरियल वाकली, तेव्हा सेल्बी म्हणाला,

“त्या दिवशी गाडी तुझ्यामुळे अडखळली नव्हती.”

तिचा हात थांबला असावा, कारण फडक्याचा आवाज बंद झाला. मग त्याने सारे सांगितले. दम वाढवून घेतला होता, पण कॉइल जुन्याच ठेवल्या होत्या. जोर पडला की ठिणगी विझते.

“तुला कधी कळलं?” तिने विचारले.

“त्याच चढावर. पहिल्याच गचक्याला.”

“आणि अँब्रोज माझ्या हातांबद्दल बोलत होता, तेव्हा?”

“तेव्हाही माहीत होतं.”

ओले फडके टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग म्यूरियल म्हणाली, “सेल्बी, रोज रात्री अंथरुणावर पडले की मला वाटायचं, त्या दिवशी मी तुला मारलंच असतं. तू शेजारी घोरत होतास.”

ती दार ओढून बाहेर गेली आणि धक्क्यावर जाऊन बसली. सेल्बी मात्र जागचा उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सेल्बीने फोन करून नव्या, जास्त ताकदीच्या कॉइल मागवल्या. मग तो काठी टेकत टपाल कचेरीत गेला आणि तिथे उभ्या असलेल्या चार लोकांसमोर म्हणाला की म्यूरियलचे हात उत्तम आहेत, खोट त्याने स्वतः गाडीत करून ठेवली होती. ही बातमी तो घरी येण्याआधीच म्यूरियलच्या कानावर गेली. ती तरीही बोलली नाही. पुढे पार्सल आले, तेव्हा तिने ते आणून शेडमधल्या त्याच्या बाकावर ठेवले आणि ती निघून गेली.

सेल्बीने बॉनेट उघडले. गावातल्या कोणालाही बोलवायला तो तयार नव्हता. त्याची बोटे इंजिनावरून फिरू लागली. त्या बोटांना सगळे पाठ होते. पहिली बहीण सहज निघाली. दुसरीच्या तारेची क्लिप उष्णतेने कडक झाली होती, ती त्याच्या अंगठ्याखाली तुटली. मग तिचा बोल्ट हातातून निसटला आणि इंजिनाच्या खोबणीत कुठेतरी जाऊन पडला. सेल्बी चाचपत राहिला. त्याने मान तिरपी करून पाहिले, वाकून पाहिले. जिथे पाहायचे तिथेच नेमका तो डाग. अखेर त्याने पाना भिंतीवर फेकून मारला.

दारातून म्यूरियलचा आवाज आला. “पाने फेकून डोळे परत येत नाहीत.”

“मग ये आणि बघ कुठे पडलाय तो.”

“माझ्याशी नीट बोल आधी.”

सेल्बी बॉनेटच्या कडेला हात टेकून उभा राहिला. मग तो हळूच म्हणाला, “मला कडा दिसतात गं. मधलं तू सांग.”

ती आली. तिने बोल्ट शोधून त्याच्या तळहातावर ठेवला. तुटलेल्या क्लिपच्या जागी प्लास्टिकची पट्टी आवळून बांधली. ती सांगत गेली, तो करत गेला. पुढे पुढे तो सांगू लागला आणि ती करू लागली. माझी पाळी आली, तेव्हा मी प्लगला घट्ट चिकटून बसले होते. सेल्बी म्हणाला, “ओढू नकोस. आधी थोडी फिरव, मग वर घे.” म्यूरियलच्या हातांनी मला अलगद पीळ दिला आणि इतक्या वर्षांनी मी उजेडात आले. खरे सांगते, तिचे हात मुळीच थरथरत नव्हते.

माझ्या अंगावरचा तडा तिला दिसला. तिने सेल्बीचा अंगठा धरून त्यावर टेकवला.

“हीच का?”

“हीच,” तो म्हणाला. “बिचारी. झेपत नव्हतं, तरी ओढत होती.”

मित्रांनो, आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. सेल्बीने बहिणींना भंगाराच्या डब्यात टाकले आणि मला कोटाच्या खिशात. माझ्या जागेवर एक लालचुटुक, धष्टपुष्ट कॉइल जाऊन बसली. मला तिचा हेवा वाटला नाही असे म्हणणार नाही.

रुग्णालयात जायच्या दिवशी मी खिशात बसून निघाले. सेल्बीने म्यूरियलला आधीच सांगून ठेवले होते की त्याने शहरातल्या त्या माणसाला फोन केला आहे, इंजेक्शन घेण्याआधी त्याच्याकडे जाऊन वाढवलेला दम काढून टाकायचा. म्यूरियलने ऐकून घेतले होते. तोच लांब चढ आला. आज पुढे चाकांवरचे एक अवजड घर ओढत नेणारी गाडी होती. सेल्बीची बोटे खिशात माझ्याभोवती आवळली गेली. म्यूरियलने समोरचा रस्ता नीट पाहिला, गाडी बाहेर काढली आणि पाय दाबला.

टर्बोचा सुस्कारा मी ओळखला. त्यानंतरचा गचका येईल म्हणून मी वाट पाहत होते. तो आलाच नाही. माझ्या जागेवरची ती पोर एकाही ठिणगीला चुकली नाही. गाडी एका दमात चढाच्या माथ्यावर गेली आणि म्यूरियलने ती शांतपणे आपल्या बाजूला घेतली. सेल्बीची बोटे सैल झाली.

शहरात शिरल्यावर काही वेळाने तो म्हणाला, “चुकलीस. मघाशी डावीकडे वळायचं होतं. त्या माणसाचं दुकान मागे राहिलं.”

“चुकले नाही,” म्यूरियल म्हणाली. “दम राहू दे. गाडी आता मी चालवते. काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते मी ठरवेन.”

सेल्बी इतका हसला की खिशात मी आणि गोळ्या एकमेकींवर आदळलो.

त्याची गेलेली नजर परत आली नाही, पण उरलेली टिकली. मी आता कोणाच्या उपयोगाची नाही. तरी जाता जाता तुम्हाला एक विनंती करते. कोणावर जास्तीचा भार टाकायचा असेल, तर तो त्याला झेपेल का, हे आधी विचारा. आणि कधी एखादी गाडी चढावर अडखळली, तर चालवणारीच्या हातांकडे बोट दाखवण्याआधी बॉनेट उघडून पाहा.