कानातला कच्चा टाका

पंचांग प्रणाम करून विहारातले सगळे उठले, तरी शेवंता कपाळ जमिनीला टेकवून तशीच राहायची. हल्ली दर रविवारी हे असंच. सुशीलाबाई मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, शेवंताबाई किती लीन झाल्या हो! आपल्याच्यानं नाही होत बा."

मी नुसती मान हलवली. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझं वाक्य मनातच दुरुस्त होत राहतं आणि तोवर विषय बदललेला असतो.

माझी बायको लीन वगैरे झाली नव्हती. डोकं खाली गेलं की तिच्या कानातला आवाज थांबायचा, एवढंच. टायफॉइडमध्ये ती फार वाळली. तेव्हापासून डाव्या कानात तिचं स्वतःचंच बोलणं घुमायचं, रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलावं तसं. श्वाससुद्धा ऐकू यायचा. आडवं झालं की बंद, उठून बसलं की पुन्हा सुरू.

आमच्या घरात बोलणं म्हणजे शेवंताचं. भाजीवाल्याशी, शेजाऱ्यांशी, एकदा तर रेल्वेतल्या माझ्या साहेबांशीही माझ्या वतीनं तीच बोलली होती. विहारात वंदना सांगायची तीही तिनंच. आता तिनं ती सोडली. ब्लाउज शिवून घ्यायला येणाऱ्या बायांना ती बोटांनीच माप दाखवायची.

"बोललं तं डोक्यात ढोल वाजते," ती म्हणाली. "त्यापरीस मुकी बरी."

पहिल्या डॉक्टरांनी तिला टेबलावर झोपवून तपासलं. झोपल्यावर आवाज नसतोच, त्यामुळे विचारल्यावर तीही "आता नाही" म्हणाली. कान उत्तम आहे, टेन्शन घेऊ नका, असं ऐकून आम्ही परतलो. इथल्या हिंदी शाळेत शिकलेली आमची मुलगी अपर्णा म्हणाली, "मम्मी, डॉक्टर बोल रहे हैं ना, सब नॉर्मल है."

मीच तिला आग्रह करून समता कॉलोनीत डॉक्टर स्वरदांकडे नेलं. पुण्याकडच्या, वयानं लहान, स्वच्छ मराठी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आजी, जरा इथं झोपा बरं."

शेवंता निमूट उठली. माझ्या मनात वाक्य तयार होतं. पण जन्मभर कारकुनी केलेल्या माणसानं डॉक्टरला शिकवायचं? आणि चुकलं तर? तिनं टेबलाच्या पायरीवर पाय ठेवला.

"झोपवू नका!" मी म्हणालो. आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकलो. "म्हणजे... डोकं खाली गेलं की थांबतं तिचं. विहारात पाहिलंय मी. बसल्यावरच होतं. माझी चूकही असेल."

डॉक्टर थांबल्या. "आजी, मग बसूनच पाहू."

त्यांनी कानात बारीक कॅमेरा धरला आणि उजवी नाकपुडी दाबून श्वास घ्यायला सांगितलं. स्क्रीनवर कानाचा पडदा दिसला. श्वासाबरोबर तो आत जात होता, बाहेर येत होता.

"नाकामागून कानाकडे एक नळी जाते," डॉक्टर म्हणाल्या. "ती एरवी मिटलेली असते, गिळताना तेवढी उघडते. तुमची उघडीच राहते. वजन घटलं की तिच्याभोवतीची चरबी जाते, तेव्हा होतं असं."

"म्हणजे मी उगाच नाही सांगून राहिली?"

"अजिबात नाही."

शेवंतानं पदरानं डोळे पुसले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आयकलं ना? अपर्णाले सांगा."

आधी वजन वाढवायचं आणि नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब सोडायचे, असं ठरलं. वजन वाढलं, घुमणं तसंच राहिलं. मग शस्त्रक्रियेचं बोलणं निघालं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. पडद्यात छोटी नळी बसवता येते, पण घुमणं त्यानं जाईलच असं नाही. नाकामागच्या त्या मूळच्या नळीच्या तोंडाशी भर घालणारं इंजेक्शन देता येतं, ते कालांतरानं विरू शकतं. कानाचीच थोडी कूर्चा, म्हणजे मऊ हाड, काढून त्यानं नळीचं तोंड अरुंद करता येतं. किंवा नाकावाटे नळीत बारीकशी खुंटी बसवायची; ती नको झाली तर काढता येते. नळी कायमची बंदही करतात, पण तो शेवटचा उपाय. फार घट्ट झालं तर कानात पाणी साचतं, ऐकू कमी येतं.

"सांगा आता," शेवंता मला म्हणाली. "इतकं वाचून राहिले तुम्ही."

मी वाचलं होतं, आणि प्रत्येक उपायाच्या बाजूनं नि विरुद्ध मला सारखंच पटलं होतं.

"मले भीती वाटते," मी म्हणालो.

"मलेही वाटते." तिनं चित्रातल्या खुंटीवर बोट ठेवलं. "नव्या गिऱ्हाइकाचा ब्लाउज मी एकदम पक्का शिवते का? आधी कच्चा टाका. घालून पाहा, मग मशीन. डॉक्टर, ते खुंटीचंच करा. आवळलं तं उसवता आलं पाहिजे."

"खात्री नाही देत मी," डॉक्टर म्हणाल्या. "पण सुरुवात तिथूनच करू."

शस्त्रक्रियेनंतर कान काही दिवस जड होता. घुमणं पुष्कळ कमी झालं, सगळं गेलं नाही. दमली की अजून थोडं येतं.

पुढं एका रविवारी विहारात आम्ही प्रणाम केला. शेवंता सगळ्यांबरोबर उठली.

"अगं बाई, आज इतक्यात उठल्या?" सुशीलाबाई कुजबुजल्या. "भक्ती कमी झाली वाटते."

"हव," शेवंता म्हणाली, "ऑपरेशन करून काढली," आणि पुढं जाऊन तिनं वंदना सुरू केली. पहिल्या ओळीला आवाज दबका होता, दुसरीला मोकळा झाला.

मी मात्र कपाळ टेकवून तसाच राहिलो. उठलो असतो, तर लोकांनी माझा चेहरा पाहिला असता.